ओली रीड

बुकित पंजांगच्या एका कम्युनिटी क्लबात शनिवारी दुपारी हौशी लोकांचा बँड जमायचा. सरिता चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत नोकरीला. तिला सॅक्सोफोन शिकवला तो भावनाताईंनी. बँडमधला सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा, कायम ताईंकडेच असायचा.

ताईंचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सरिता त्यांना भेटायला गेली. त्यांनी उशाजवळची लहानशी डबी तिच्या हातात दिली.

"माझी रीड आहे. वाजती ठेव, नाहीतर वाकडी होईल. आणि लिम सरांना सांग, कार्यक्रमापर्यंत मी बरी होते. सोलो माझ्यासाठी ठेवा म्हणावं."

"सांगते ना, ताई."

शनिवारी बँड बसवणाऱ्या लिम सरांनी इथल्या तुटक इंग्रजीत विचारलं, "भावना कॅन ऑर नॉट?"

"कॅनॉट, सर."

"देन यू टेक सोलो, लाह."

सरिताचे कान तापले. तरी तिने मान हलवली.

रीड म्हणजे बोरूसारख्या वनस्पतीची पातळ पट्टी. ती तोंडात धरून भिजवायची, वाद्याच्या तोंडाशी घट्ट बसवायची, खालचा ओठ दातांवर दुमडून तिच्याखाली धरायचा. फुंकर फटीतून गेली की ती थरथरते, आणि त्या थरथरीचाच सूर होतो. कोरडी रीड नुसती चिरकते. सरिताने डबी उघडली, तर रीड आधीच ओली होती. इथली हवाच दमट, तिने मनाशी म्हटलं.

पुढच्या खेपेला ती कोमटही होती.

वाजवताना सूर मध्येच तुटायचा. छातीत हवा भरपूर असायची, तरी तुटायचा. शेजारी क्लॅरिनेट वाजवणारा अमेय म्हणाला, "हुबेहूब ताई. श्वासही त्यांच्याच जागी घेतेस."

तिने ती रीड काढून नवीकोरी बसवली. गाल दुखेपर्यंत फुंकलं. नुसती हवा सूं सूं करत निघून गेली. मुकाट्याने तिने जुनीच परत लावली.

त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला. "सरांना सांगितलंस ना?"

"हो, ताई."

"बरं झालं. मला मेलीला दुपारी नुसतं पडूनही धाप लागते. शनिवारी तर फारच."

खरं सांगायचं सरिताच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. सोलोसाठी ती उभी राहिली आणि तिला पहिल्या रांगेत भावनाताई दिसल्या. शेजारी त्यांचे यजमान नरेशराव. ताईंच्या मांडीवर सॅक्सोफोनची बंद पेटी होती.

लाजेने सरिताचा श्वास आत जाईना, बाहेर येईना.

रीड तिच्या ओठाला लागून थरथरू लागली.

सूर भरून आला. गोल, संथ, निर्दोष.

तिने फुंकलंच नव्हतं.

ताई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे खांदे वर जात, खाली येत.

टाळ्या पडल्या.

सरिता खाली उतरली आणि त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "ताई, सरांशी मी खोटं बोलले."

ताईंनी हात वर केला. बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

"हिला काय झालंय कळत नाही," नरेशराव म्हणाले. "महिनाभर वाद्याला हात लावलेला नाही."

त्यांनी रुमालाने हलकेच ताईंचा खालचा ओठ उलटून दाखवला. आत दातांचे ठसे उमटले होते, खोल आणि ताजे, तासभर वाजवल्यावर उमटतात तसे.

सरिताने स्वतःच्या ओठाच्या आतून जीभ फिरवली.

तिथे काहीच नव्हतं.