अर्धी भूल

"दिवा बंदच राहू दे," काका भाच्यांना म्हणाले. "आणि ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, त्याच्या डब्यातलं मी जेवलोय."

शनिवारी रात्री साडेअकराला तो घरातून निघाला, तो फक्त ऑक्सिजनचं सिलिंडर बंद करायला. संध्याकाळी विसरलं होतं. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो जनावरांना भूल द्यायचा, म्हणून सगळे त्याला भूलवालाच म्हणत.

तिथले प्राध्यापक विजेनं कुत्र्याच्या काळजाची लय मोडत आणि झटका देऊन ती परत आणत. उद्या माणसं वाचावीत म्हणून. पण एका औषधाच्या भुलीत हलका झटका पुरे, तर दुसऱ्याच्या भुलीत दुप्पट लागे.

"भूलच घोळ घालतेय," त्या शनिवारी सकाळी ते वैतागले. "आज निम्मीच दे. हलू नये म्हणून दुसरं औषध आहेच."

"सर, हलणार नाही. पण कळेल त्याला."

"मग? तक्रार करणार आहे?"

भूलवाल्याची नोकरी कायम करणं त्यांच्याच हातात होतं. अडला हरी! त्यानं निम्मी दिली. तांबडा कुत्रा होता, एक कान मोडलेला. सुई दिसली की आपणहून पंजा पुढे करायचा. त्याही दिवशी केला.

झटका. परत आला. पुन्हा झटका. परत आला. डोळे टक्क उघडे. संध्याकाळी मात्र आला नाही. त्याला मागच्या अंगणात पुरलं.

भूलवाल्यानं कुलूप काढलं, दिवा लावला. टेबल रिकामं, पुसलेलं. सिलिंडर बंद करून तो वळला.

मागे झटक्याचं यंत्र विजेनं भरू लागलं. बारीक शिट्टी... चढत चाललेली.

त्यानं पाहिलं. प्लग काढलेला होता.

शिट्टी थांबली.

धप्प.

मग काहीच नाही...

मग फरशीवर नखं. टक... टक...

पळायला पाय उचलेना. जीभ हलेना. डोळे तेवढे उघडे. सगळं कळत होतं.

नखं पायाशी थांबली. लोंबत्या हाताला गार नाक लागलं. मग जीभ. सावकाश त्याचा तळहात चाटला.

बस्स.

"चावला असता तर सुटलो असतो रे," नंतर तो काकांना म्हणाला होता.

"मग?" भाचीनं विचारलं.

"मग काय! सोमवारी यानं नोकरी सोडली. प्राध्यापकांचं देशोदेशी नाव झालं. शोधनिबंधात तो कुत्रा म्हणजे आलेखावरचा एक ठिपका. याच्याबद्दल म्हणाले, हळवा होता, टिकला नसताच."

काकांनी आवाज खाली आणला.

"पुढे दाढ काढायला गेला. दंतवैद्यानं सुई दिली, हिरडी बधिर होईना. दुसरी दिली. तिसरी... शेवटी तशीच उपटली. मग बोटाला टाके पडले, तेव्हाही तेच. आता पोटाचं ऑपरेशन सांगितलंय, पण तो जात नाही."

"का?"

"त्याच्या अंगाला भूल लागतच नाही."