नाकातली कडी

"उलटला! परत उलटला!" बंधाऱ्याच्या टोकावरून झिपरीचा आतेभाऊ इंजिन ओरडला.

झिपरीने गळाच्या काठीचं रीळ गरागरा फिरवलं. फुटणाऱ्या लाटांमधून लाकडी मासा पोट वर करून आला. परतणाऱ्या लाटेच्या ओढीत जिवंत माशासारखं वळवळत पोहायचं आणि मोठ्या माशाला गळाकडे फसवून आणायचं, एवढंच त्याचं काम. नेमकं तेच त्याला जमेना.

हे मासे झिपरीचे बाबा करायचे. अठरा वर्षांत त्यांचा एकही मासा आडवा झाला नव्हता! या मोसमात मात्र लोक रोज ते विकणाऱ्या काकांच्या दुकानात तक्रार घेऊन येत होते. परत आलेले मासे बाबांनी स्वतः लाटांत टाकून पाहिले; तेही उलटले. "हात गेला माझा, पूर्वीचं कसब राहिलं नाही," घरी येऊन ते आईला म्हणाले. उद्यापासून ते बर्फाच्या कारखान्यात कामाला जाणार होते. बाबांना असं खाली मान घालून बसलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"लाकूडच खराब असणार," इंजिन म्हणाला. सुट्टीला आल्यापासून त्याचं तोंड एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून तर सगळे त्याला इंजिन म्हणत.

"तुझं डोकं खराब! आता हा बघ. कपाटामागे पडला होता. त्याच लाकडाचा, त्याच दिवशीचा."

तिने काठी मागे नेऊन जोरात फेक केली. मासा लाटेत बुडाला, ओढीत शिरला आणि झोकात पोहत आला! त्यांनी तो आळीपाळीने सहा वेळा फेकला. सहाही वेळा पोहला.

"हा दुकानात गेला नव्हता," झिपरी हळूच म्हणाली.

"मग दुकानात काय माशांना मारतात?" लिंबूने विचारलं. हा तिचा धाकटा भाऊ, वय वर्षं सहा. त्याने दोन्ही मासे नाकाला नाक लावून धरले. "ताई, याचं नाक वाकडंय!"

उलटणाऱ्या माशाच्या नाकातली, दोरी बांधायची तारेची कडी डावीकडे कलली होती, जेमतेम नखाच्या जाडीइतकी. दुकानातून परत आलेले पिशवीतले बाराही मासे त्यांनी पाहिले. सगळ्यांची कडी डावीकडेच!

तिघं दुकानात पोचले तेव्हा दुकानदारकाका खुर्चीत पाय लांब करून बसले होते. मासे वर छताजवळ खिळ्यांना कडीने टांगलेले.

"काका, बाबांनी हा पाठवलाय," म्हणत झिपरीने कपाटामागचा मासा पुढे केला. काकांनी तो बांबूच्या टोकाच्या आकड्यात अडकवून बसल्या बसल्या वर टांगला.

दोन मिनिटांनी इंजिनने कपाळावर हात मारला. "अगं, चुकीचा आणलास! काका, परत द्या ना!"

"काय कटकट आहे पोरांची!" काकांनी आकडा कडीत घातला आणि खस्सकन डावीकडे ओढला. मासा त्यांच्या मांडीवर पडला.

"काका, तुम्ही नेहमी असंच काढता?" वाकलेली कडी बघत झिपरीने विचारलं.

"मग काय करू? यंदा गुडघा धरलाय. स्टुलावर कोण चढणार?"

"उठा, काका! गुडघा असो नाहीतर काही असो, बंधाऱ्यावर चला!"

तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत तोच मासा पहिल्याच ओढीत पोट वर करून उलटला. झिपरीने पकडीने कडी सरळ केली, फेकला, आणि तो झोकात पोहत आला. काकांचा चेहरा उतरला. "अरे देवा! म्हणजे हे सगळं मीच..."

झिपरी घराकडे धावत सुटली. धापा टाकत परसात पोचली तेव्हा बाबा विस्तवापुढे उकिडवे बसले होते. मासे आखायचे साचे म्हणून कापलेल्या पातळ फळ्या, त्यांवर बाबांनी पेन्सिलने लिहिलेली मापं, सगळं जळून गेलं होतं. एका फळीचा कोपरा तेवढा निखाऱ्यासारखा लाल दिसत होता.

"बाबा, हात नाही गेला तुमचा! कडी वाकली होती!"

तिने भडाभडा सगळं सांगितलं. मागून लंगडत आलेले काका मान खाली घालून म्हणाले, "चूक माझीच. पोरांनी कमाल केली हो! मोठ्यांना जे सुचलं नाही, ते यांनी शोधलं."

बाबांनी कडीवरून बोट फिरवलं. "कडी मी इथून सरळ करूनच पाठवतो. म्हणून तिकडे पाहिलंच नाही. लाकडालाच दोष देत बसलो, नाहीतर स्वतःला." त्यांनी झिपरीला जवळ ओढलं. "शाबास गं. तुम्ही शोधलं नसतं, तर मरेपर्यंत मी 'हात गेला' असंच म्हणत राहिलो असतो." मग ते राखेकडे वळले. "पण हे सगळं मी का जाळलं गं?"

पाच मिनिटं लवकर आलो असतो तर, एवढंच झिपरीच्या मनात फिरत राहिलं.

"नवीन करा ना," लिंबू म्हणाला.

"अठरा वर्षं लागली होती, बाळा."

"मग लवकर बसा!"

बाबा उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पेन्सिल आण."