भाग दोनमधली पावलं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

गेल्या वर्षीचा एक शुक्रवार. बाजारामागचं जुनं थिएटर, दुपारचा साडेतीनचा खेळ.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. अर्धी रजा टाकून एकटीच गेले होते. लागला होता तो एका खुन्याच्या भयपटाचा भाग दोन. वीस वर्षं झाली तरी त्याचे चाहते हटत नाहीत. पहिल्या भागात खुनी दिसतो. दुसऱ्यात तो जिन्यावरून नुसता ऐकू येतो.

ठक्... खर्रर्र. ठक्... खर्रर्र.

ती पावलं माझ्या बाबांची.

बाबा सिनेमांना पावलांचे, दारांचे आवाज द्यायचे. पडद्यावर कुणी चाललं की स्टुडिओत फळीवर बाबा चालायचे. भाग दोन केला त्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा गेला होता. ते पाय ओढत चालले आणि दिग्दर्शक जाम खूश झाला. आई म्हणायची, "जगाला घाम फोडतो, आणि घरात झुरळ दिसलं की पलंगावर चढतो!"

आई आधीच गेली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा बोलण्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं कधी सुचलंच नाही. उरली होती ती एवढी पावलं. लोक किंचाळायचे, आणि मला घरी कुणी आल्यासारखं वाटायचं. हसू नका.

तर, जिन्याचा प्रसंग आला. तिथे खुन्याच्या पावलांबरोबर अख्खं थिएटर पाय आपटतं, ही चाहत्यांची रीतच आहे.

पण त्या दिवशी ताल चुकला.

प्रत नवी होती, आवाज सुधारलेली. टक, टक, टक... धडधाकट, सरळ पावलं. कुणीतरी बाबांना पुसून टाकलं होतं. मला रडूच कोसळलं.

लोक गोंधळले, हसले. एकेक पाय थांबत गेला.

एकच चाल थांबली नाही...

ठक्... खर्रर्र.

माझ्या मागून.

मधल्या वाटेने... सावकाश... खाली येत.

शेजारचा मुखवटा घातलेला चाहता पुटपुटला, "ताई, आवाज काय भारी केलाय! अगदी मागून येतोय."

सिनेमातली पावलं केव्हाच दाराशी थांबली होती. ही पावलं चालतच होती.

माझ्या रांगेशी आली... आणि थांबली.

माझ्या डावीकडची रिकामी खुर्ची करकरली. मग अगदी कानाशी...

"हुश्श..."

गुडघा दुमडताना बाबा असंच म्हणायचे.

मी वळून बघायला हवं होतं. तीन वर्षं याचसाठी झुरत होते ना! पण भीतीने डोळे गच्च मिटले आणि तोंडातून निघून गेलं, "नको... जा."

खुर्ची पुन्हा करकरली. पावलं दूर गेली.

खेळ संपल्यावर ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "मागचे स्पीकर? ते सहा महिने बंद आहेत ताई."

संध्याकाळी घरी येऊन भाग दोनची जुनी सीडी लावली. किंकाळी होती, दाराची कडी वाजली. जिन्याचा प्रसंग आला...

पावलं नाहीत.

चाहत्यांच्या ग्रुपवर विचारलं. लोकांनी आपापल्या सीडीतला तुकडा पाठवला. दुकानातल्या मुलीला ऐकवला, तर ती दचकली.

तिला ऐकू येतात. सगळ्यांना ऐकू येतात. मलाच येत नाहीत.

मीच "जा" म्हटलं होतं; माझा शब्द बाबांनी कधीच खाली पडू दिला नव्हता.