आधीचे चार सेकंद

प्रतिवेदना विभागाच्या प्रयोगशाळेत एक नियम कुणालाच चुकला नव्हता. दुसऱ्याला जे द्यायचं, ते आधी स्वतः घ्यायचं. डॉ. वृंदा घोडके रुजू होऊन नऊ दिवस झाले होते आणि आज ते घेण्याची त्यांची पहिलीच वेळ होती.

"आमटी पंगतीत वाढण्याआधी चाखतात ना मॅडम, तसंच," इरफान मुजावर खुर्चीच्या तारा तपासत म्हणाला. तो इथला जुना तंत्रज्ञ. "तुमच्या आधीच्या पळसुलेसाहेबांनी अकरा वेळा चाखली."

"आणि मग राजीनामा दिला. का ते सांगितलं?"

"नाही. जाताना एवढंच म्हणाले, यंत्रात दोष नाही."

विनोदानं कुणाचं किती दुखतं, यावर महाराष्ट्रात वीस वर्षं नुसती तोंडं वाजली. एक म्हणे, मेलेल्यांवर कसले हसता. दुसरा म्हणे, तिकीट काढून आलात, आता गप ऐका. शेवटी सरकारनं माणसांचा नाद सोडला आणि खुर्च्यांना विचारायचं ठरवलं. प्रत्येक नाट्यगृहात, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला वेदनालेखक बसला. प्रेक्षकाच्या मेंदूतली वेदना तो शंभरपैकी मोजायचा. ऐंशीच्या वर गेली की खुर्ची आपणहून तक्रार नोंदवायची. मग ती वेदना, जशीच्या तशी, विनोद करणाऱ्याच्या मेंदूत उतरवायची. हीच प्रतिवेदना.

"कागदावर मला फक्त वेदनेची रेघ दिसते," वृंदा म्हणाल्या. "खुर्चीतली नोंद कुठून सुरू होते?"

"चार सेकंद आधीपासून. दुखणं कुठून उगवलं ते घेणाऱ्याला कळावं म्हणून. पण ते चार सेकंद कागदावर येत नाहीत. खुर्चीत बसेल त्यालाच कळतात."

"आणि नंतर? उतरतं का?"

"उतरत नाही मॅडम. स्वतःच्या आठवणीसारखं बसतं. आजवर ज्यांना दिलं त्या अकरा जणांपैकी एकही परत रंगमंचावर चढलेला नाही."

बारावा होता हर्षद बोबडे. त्याला वृंदा सकाळीच भेटल्या होत्या. चाळिशीचा, दाढी वाढलेला, आणि विनोद विचारला तर तोही न लाजता सांगणारा. भैरवगडच्या रोपवेचा पाळणा दरीत कोसळून चौदा माणसं गेली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हा पठ्ठ्या त्यावर बोलला होता: 'पाळणा खाली चाललाय, आणि आत बाईचा आवाज सांगतोय, कृपया हात बाहेर काढू नका. चौदा मेले हो, पण एकाचाही हात बाहेर नव्हता. शिस्तीत मरणं आपल्याकडून शिकावं.'

वृंदांना ते ऐकून किळस आली होती आणि त्यांनी ती लपवली नाही.

"वाईट आहे, कबूल," हर्षद म्हणाला होता. "सगळं नाट्यगृह गार पडलं. पण डॉक्टर, एक हसू आलं. पाचव्या ओळीतून, बाईमाणसाचं. दोनच क्षण. तक्रारही पाचव्या ओळीचीच आहे. जो हसला त्याच्या खुर्चीची तक्रार टिकत नाही, असं कलम आहे ना? मला बाकी काही येत नाही हो. हे गेलं तर मी संपलो. तुम्हाला काही सापडलं तर सांगाल?"

"सापडलं तर सांगेन," वृंदांनी शब्द दिला होता.

आता त्या खुर्चीत बसल्या. इरफाननं कळ दाबली.

आधी आलं हसू. पोटातून, आवरता न येणारं. हे अस्सेच बसले असतील! तीस वर्षं पीटीचे मास्तर, जन्मात कधी एसटीच्या खिडकीबाहेर बोट काढलं नाही. हात आत, पाठ ताठ, शेजारच्यालाही दटावत असतील. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते पुरते समोर दिसले, आणि म्हणून हसू फुटलं.

मग शेजारचा मुलगा जाणवला. आईला जरा बाहेर काढावं म्हणून त्यानंच आणलं होतं. तोंडाला पदर गेला. याचा बाप दरीत पडला आणि मी हसले. यानं ऐकलं का? कुणाला कळता कामा नये. मरेपर्यंत कुणाला कळता कामा नये.

एक्क्याण्णव.

वृंदा उठल्या तेव्हा त्यांचा हात तोंडावर होता.

"मॅडम, बोबडेंच्या बाजूचं काही आहे?"

त्यांनी तोंड उघडलं. 'त्या हसल्या' एवढं म्हणायचं होतं. पण आत जे शब्द उभे होते ते 'मी हसले' असे होते, आणि ते बोलण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असं त्यांना अगदी खरोखर वाटलं. अविवाहित बाई, भैरवगड कधी पाहिला नाही, तरी वाटलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. दाखल्यावर त्यांनी लिहिलं: यंत्रात दोष नाही. लिहिताना त्यांना पळसुले आठवले आणि पेन थांबलं. मग त्यांनी सही केली.

दुपारी तीनला हर्षदला बसवलं. काचेपलीकडे नियमाप्रमाणे पाचव्या ओळीतल्या इंदुमती जगदाळे आणि त्यांचा मुलगा होते. कळ दाबली तसा हर्षद हसला.

"बघा," मुलगा म्हणाला, "अजून हसतोय. माझी आई त्या कार्यक्रमापासून धड जेवली नाही."

इंदुमतीबाईंनी पदर तोंडाशी नेला होता.

वृंदांना एकाच वेळी आशा आणि भीती वाटत होती. याला आता कळलंय. हा बोलायचं ठरवूनच आलाय, बोलणं हाच याचा धंदा. हा सुटेल.

खुर्ची थांबली. हर्षद सावकाश उठला आणि काचेकडे बघत राहिला. मग त्याचाही हात तोंडावर गेला.

"बोबडे," वृंदा म्हणाल्या, "नियमानं विचारते. काही सांगायचंय?"

"पाचव्या ओळीत कुणी हसलं नव्हतं," तो म्हणाला. "मला भास झाला असेल."

वृंदांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं त्यांच्याकडे. आधीचे अकराही इथून असंच कुणाचं तरी हसू लपवून गुपचूप गेले असणार, हे त्या क्षणी दोघांनाही कळलं, आणि दोघंही गप्प राहिले.

मुलानं आईला हाताला धरून बाहेर नेलं. इरफाननं वही पुढे ओढली आणि बाराव्या नावापुढे लिहिलं: आरोपीस चूक मान्य.