कुरतडलेली मखमल

पेटीवरची लाख फोडली, दोरी सोडली, झाकण उघडलं. पेटी रिकामी होती.

सुनावणीच्या खोलीत जमलेल्यांनी एकदा पेटीत पाहिलं आणि एकदा एकमेकांकडे. लाख सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडली होती. तिच्यावरची कार्यालयाची मोहोर शाबूत होती.

"माझ्या बाबांची कात्री कुठंय?" टेबलापलीकडच्या बाईनं विचारलं.

अशा वेळी हे कार्यालय जे करतं तेच सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी केलं. त्यांनी चौकशीबाईंना बोलावणं धाडलं.

चौकशीबाई म्हणजे दक्षता शाखेतल्या एकुलत्या एक अधिकारी. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तोंडाने घ्यायचं धाडस कोणी केलं नव्हतं. त्या दारात दिसल्या की लोक हातातला चहा खाली ठेवत आणि आपलं काय चुकलं असेल ते आठवू लागत.

साहेबांनी डाव्या हाताने भराभर टिपण खरडलं आणि त्यांच्याकडे सरकवलं. "उद्या दुपारी निर्णय द्यायचाय. परवा नोंदींच्या पोर्टलचं उद्घाटन. त्याच्या आत हे निस्तरा."

"कात्री नाहीच सापडली तर?"

"तर अर्जच उरत नाही."

पेटंट, ट्रेडमार्क आणि डिझाइनची नोंद करणारं हे देशाचं कार्यालय. पूर्वी ज्याला आपल्या डिझाइनचं चित्र काढता येत नसे, त्याने वस्तूच आणून द्यायची. ती पत्र्याच्या पेटीत मोहोरबंद व्हायची. मग आधुनिकीकरण आलं. एकेक पेटी उघडून वस्तूंचे फोटो काढले, पेट्या पुन्हा बंद केल्या, आणि त्या फोटोंना 'शून्य चूक' असं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवसापासून फोटो हीच कायद्याने मूळ नोंद, आणि वस्तू भंगार. फोटोत चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करायला मुभा होती. फक्त सोबत कोठीतली मूळ वस्तू हवी. असा अर्ज एकच आला होता, म्हणून एकच पेटी राखून ठेवली होती. ती ही.

चौकशीबाईंनी पेटी उचलून आपल्या टेबलावर आणली. आतून तिला निळ्या मखमलीचं अस्तर होतं, नीटस शिवलेलं. एका कोपऱ्यात मात्र ते फाटलं होतं. कापलेलं म्हणावं तर कड ओबडधोबड, दुमडून चावल्यासारखी.

"उंदीर हो बाई," कोठीवाले काका म्हणाले. वस्तूंची कोठी इतकी वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. "या कार्यालयात वेळेवर हजर राहतात ते फक्त उंदीर."

"मोहोरबंद पेटीत?"

"उंदराला कुठली मोहोर अडवते?"

"मोहोर कोणाकोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे."

"पेटीत काय होतं, पाहिलं होतं कधी?"

"आपलं काम पेट्या सांभाळायचं. आत डोकावायचं नाही." काकांनी हात जोडले. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"अंगठ्याला काय झालं?"

"पेटीचा खिळा लागला."

"जपा," चौकशीबाई म्हणाल्या आणि उठल्या. "भंगार कधी गेलं?"

"मागच्या आठवड्यात. थेट भट्टीत."

फोटोची खोली तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. पांढरा पडदा, ट्रायपॉडवर कॅमेरा, आणि डाव्या भिंतीला स्क्रूने आवळून बसवलेला एकच दिवा. फोटोवाला तरुण होता, कंत्राटी होता, आणि चौकशीबाईंना पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हा दिवा हलवता येतो?"

"नाही बाई. प्रत्येक वस्तूवर उजेड सारखाच पडला पाहिजे, अशी करारातली अट आहे."

त्याने संगणकावर फोटो दाखवले. किटली, उजवीकडे तिची सावली. कुलूप, उजवीकडे सावली. घडीची खुर्ची, टॉर्च, बाळाचा खुळखुळा. मग कात्री आली. पांढऱ्या पडद्यावर एकटीच, डावीकडे बारीक सावली, खाली संगणकाने छापलेला क्रमांक. कात्री उजव्या हाताची होती. चौकशीबाई त्या फोटोपाशी जरा रेंगाळल्या.

"फोटो काढताना ही डावी होती की उजवी?"

"देवाशपथ आठवत नाही. मी वस्तू नाही बघत, फोकस बघतो."

"कॅमेऱ्यातला मूळ फोटो?"

"प्रमाणपत्र मिळालं की पुसायचे, असं ठरलेलंच होतं."

"नंतर फोटोत काही बदल करता येतो?"

"मला नाही येत. फोटो इथून थेट वर जातो. वर मशीन शंका काढतं आणि साहेब त्यांच्या टेबलावरून बटण दाबतात. ते मशीन मी पाहिलेलंसुद्धा नाही." तो घुटमळला. "बाई, एक फोटो जरी चुकला तरी कंत्राट जातं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. मामांनी तर जेवण सोडलंय काळजीनं."

"मामा कोण?"

"सासरे माझे. कोठीतले काका."

चौकशीबाईंनी फक्त मान हलवली.

वर व्हरांड्यात बाकावर ती बाई बसली होती आणि शेजारी तिचे म्हातारे वडील. वडिलांचा उजवा पंजा अंगठ्यानंतर संपला होता.

"बाबा शिंपी," कात्रीवाली म्हणाली. "यंत्रात बोटं गेली. मग डाव्या हातानं कापायला शिकले, पण कुठली कात्री धड चालेना. तेव्हा लोहाराच्या डोक्यावर बसून ही घडवून घेतली. अंगठ्याची कडी तिरकी, खालचा दांडा वाकवलेला. पेटीतलं अस्तरसुद्धा त्यांनीच शिवलं होतं."

"उगाच आपलं," म्हातारा लाजून म्हणाला. "चांगली वस्तू चांगल्या जागी असावी."

"आमच्या कारखान्यात हीच एक वस्तू बनते, बाई. आता मोठ्या कंपनीनं तीच आपल्या नावावर नोंदवली आणि आम्हालाच नोटीस पाठवली, बनवणं बंद करा म्हणून."

"तुमची नोंद तर आधीची."

"आधीचीच की! पण तुमच्या फोटोत ती उजवी दिसते. त्यांचा वकील हसतो. म्हणतो, तुमची उजवी, आमची डावी, भांडण कसलं? आम्ही घरातली कितीही जुनी कात्री दाखवली तरी म्हणणार, ही काल बनवलीत. तारखेसकट ठेवलेली एकच होती, ती तुमच्या पेटीत."

"आत्ता आहे का एखादी जवळ?"

कात्रीवालीने पिशवीतून एक काढून दिली. चौकशीबाईंनी ती उजव्या हातात धरली आणि आपल्या रुमालाची कड कापायला घेतली. कापड पात्यांमध्ये दुमडलं, चावलं गेलं, कापलं मात्र नाही. जोर लावला तशी तिरकी कडी अंगठ्याच्या पेरात रुतली. त्यांनी "आई गं" म्हणून हात झटकला.

"उजव्याला नाही जमायची ती," म्हातारा म्हणाला. त्याला जरा मजाच वाटली होती.

चौकशीबाई रुमालाच्या कडेकडे बघत राहिल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. साहेब, काका, फोटोवाला, कात्रीवाली आणि तिचे वडील. बाहेर उद्घाटनासाठी कोणी माईक तपासत होतं.

"आधी फोटोचं सांगते," चौकशीबाई म्हणाल्या. "तळघरातला दिवा डाव्या भिंतीला पक्का आहे. त्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली उजवीकडे पडते. कात्रीची तेवढी डावीकडे पडलीय. दिवा हललेला नाही, म्हणजे फोटो उलटवलाय. आरशात डावा हात उजवा दिसतो, तशी डावी कात्री उजवी झाली. वस्तूवर नाव कोरायचं नाही असा आपला नियम, त्यामुळे उलटं अक्षर दिसून चूक कळायचीही सोय नव्हती."

कात्रीवालीने वडिलांचा हात घट्ट धरला.

"आता पेटी. कुणीतरी ती उघडली, कात्री डावी आहे की काय ते पाहायला अस्तराच्या कोपऱ्यावर चालवून पाहिली. ज्यानं चालवली तो उजव्या हाताचा होता, कारण मखमल कापली नाही, चावली गेली. हा माझा रुमाल बघा. मोहोर दोघांकडेच. साहेब डावखुरे आहेत, त्यांच्या हातात ती लोण्यासारखी चालली असती." त्या काकांकडे वळल्या. आवाज खाली आला. "काका, पेट्या पत्र्याच्या आहेत. खिळा कुठला लागला तुम्हाला?"

काकांनी अंगठा मुठीत लपवला. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही असं वाटून तो पुन्हा बाहेर काढला.

"पेटी सुनावणीला द्या असा निरोप आला," ते म्हणाले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उघडून बघितली. कात्री खरंच डावी. म्हटलं, पोरानं चुकीचा फोटो काढला. कंत्राट जाणार. पोरगी भरल्या दिवसांची. भंगाराची गाडी दारातच उभी होती. टाकून दिली."

"मामा!" फोटोवाला ओरडला. "मी नाही चुकलो! मला फोटो उलटवताच येत नाही!"

काका त्याच्याकडे बघत राहिले. "मग कोण चुकलं?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मशीननं शंका काढली होती," ते म्हणाले. "'इतर कात्र्यांशी जुळत नाही, फोटो उलटा असावा.' मी होय म्हटलं, त्यानं उलटवला. मी स्वतः डावखुरा, पण जन्मभर जी मिळाली तीच कात्री वापरली. डावी कात्री असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे मी उगाच..." काका खाली बसले. जावयाने त्यांना धरलं, पण त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"मग आता दुरुस्त करा," कात्रीवाली म्हणाली. "चूक कळली ना? तुम्हीच कबूल केलंत, यांनी कबूल केलं."

साहेब नियम वाचून दाखवावा तसं बोलले, पण आवाज नियमाचा नव्हता. "अर्जासोबत मूळ वस्तू लागते. तोंडी कबुली चालत नाही, सावलीही चालत नाही. मी आपणहून दुरुस्ती केली तर प्रमाणपत्र रद्द होतं. मग सगळेच फोटो पुन्हा तपासावे लागतील, आणि ते ताडून बघायला वस्तू कुठायत? सगळ्या वितळल्या."

"म्हणजे आणखी किती फोटो असे उलटले असतील?" चौकशीबाईंनी विचारलं.

"ते आता कधीच कळणार नाही."

कात्रीवालीने चौकशीबाईंकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून तिची सगळी आशा त्यांच्यावर होती. चौकशीबाईंनी नजर चुकवली नाही, पण देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. चोर सापडला होता, चूक सापडली होती. कात्री तेवढी गेली होती.

साहेबांनी निकालाचा कागद पुढे ओढला.

तेवढ्यात म्हातारा उठला. त्याने मुलीच्या पिशवीतून कात्री काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाबा, चला," मुलगी म्हणाली.

"थांब गं. साहेब, एकदा चालवून बघा."

साहेबांनी नको नको म्हणत ती डाव्या हातात घेतली. कडी अंगठ्यात अलगद बसली. समोरच्या रद्दी कागदावर त्यांनी ती चालवली. कागद एका सरळ रेषेत, आवाजसुद्धा न करता कापला गेला. त्यांनी पुन्हा एकदा कापला. मग उगाचच आणखी एकदा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ते सगळ्यांना दिसलं.

"काय किंमत हिची?" त्यांनी हळूच विचारलं.

"विकायला आता बंदी आहे ना," म्हातारा म्हणाला. "ठेवा तुम्ही. डाव्या हाताची माणसं कमी असतात. आपली माणसं."

साहेबांनी कात्री बाजूला ठेवली. पेन उचललं आणि त्याच हाताने अर्ज फेटाळल्याची सही केली.