हौदाचा दगड

मैना शिळफाट्याहून तडक माहेरी आली ती रागानं धुमसतच. आई, चंद्राबाई, कर्जतच्या दवाखान्यात मांडीचं हाड मोडून पडलेली. ऐन वैशाखात, भर दुपारी, घराच्याच दारात पाय घसरून.

दारातली पायरी मैनेच्या भावानं, हरेशनं, नुकतीच बसवलेली. दगड मात्र जुना, काळा, कडेला वेल कोरलेला. गावाबाहेर मोगलांच्या काळातली मशीद आहे, तिच्या हौदाला असले दगड होते. शेतावरून येताना मायलेकी तिथं पाणी प्यायच्या.

मैनेनं दगडावर तळवा टेकला. अंगणातली माती पोळत होती. दगड गारढोण होता, आणि ओला.

"मशिदीतला ना रं?"

"पडीक हाय ती. कोण येतंय तिथं?"

"म्हणून उचलायचा?"

हरेश पायरीपाशी उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "पुसला तरी ओला व्हतो, ताई. पहाटेचं कुणीतरी... पाय धुतल्यागत आवाज येतो. दार उघडलं की कोण नाय."

"आन हे ठावं असून आईला त्यावरनं चालू दिलंस?" मैनेचा हात उठलाच होता, तिनं तो कसाबसा आवरला. "पहार आण. टेंपो काढ."

उन्हं कलताना दोघं मशिदीपाशी पोचली. कमानीत वटवाघळांचा उग्र वास कोंदला होता. हौद कोरडाठाक, तळाला भेगा. निखळलेल्या जागी काळी खाच. धापा टाकत दोघांनी दगड तिथवर आणला, ढकलला. बोटभर फट काही मिटेना. हरेश दम घ्यायला थांबला, आणि दगड आपला आपणच सरकला. आतून कुणी ओढून घ्यावा तसा. त्यानं बोटं काढली म्हणून वाचली.

मग कोरड्या हौदातून पाण्याचा आवाज आला. ओंजळीनं, सावकाश, कुणी पायांवर पाणी घेत होतं.

"ताई... चल..."

मैना हलली नाही. भीतीपेक्षा राग मोठा होता. पदर डोक्यावर घेऊन ती हौदाकडे तोंड करून बोलली.

"ह्याचं चुकलं. आमी दगड आणून ठेवला. पण माझ्या आईनं काय केलं व्हतं? हितं ती कधी आवाज चढवून बोलली नाय. तिला का पाडलंत? ज्यानं चोरला त्याला पाडायचं व्हतं."

आवाज थांबला. एकदम. कुणीतरी ऐकून घेतल्यासारखा.

बोलून गेलेलं मैनेच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं भावाचं मनगट धरलं नि त्याला ओढत बाहेर आणलं.

मशिदीच्या चौथऱ्याखाली दोघांनी आत जाताना काढलेल्या चपला होत्या. तिच्या रस्त्याकडं तोंड करून नीट मांडलेल्या. हरेशच्या मशिदीकडं वळलेल्या, पट्टे ओलेचिंब, आत्ताच कुणी घालून काढल्यासारखे.

तो वाकला.

"हात लावू नगंस," मैना म्हणाली. "अनवाणी चल." तिनं आपल्या तेवढ्या पायात सरकवल्या.

टेंपो वळताना तिनं मागं पाहिलं. चौथऱ्याखाली आता काही नव्हतं. हरेशच्या चपला वर, कमानीच्या आत होत्या, आणि त्यांची तोंडं आता रस्त्याकडं होती.