दोन तास वीस मिनिटं

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे खरं घडलंय. गोंदियाजवळच्या सिहोऱ्याला. गेल्या जानेवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारी. जिच्यासोबत घडलं ती रीना आजही हे सांगताना दाराकडे पाठ करून बसत नाही.

तिच्या सासूबाई, आनंदाबाई, शेवटच्या घटका मोजत होत्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. चमचा ओठाशी नेला की तोंड मिटायच्या.

"लेकाच्या हातचं पाणी पायजे तिले," शेजारची धुरपताबाई म्हणाली. "त्याबिगर जीव नाही सुटत."

लेक, म्हणजे रीनाचा नवरा मंगेश, पार नागालँडात. दिमापूरला, रस्त्याच्या कामावर. विमानतळावर पोचलो, एवढा सकाळी मेसेज. मग फोन लागेना.

रीनानं मोबाइलवर टाकलं, दिमापूर ते गोंदिया. साडेचौदाशे किलोमीटर. उड्डाणाचा वेळ दोन तास वीस मिनिटं. नकाशावर एक सरळ रेघ.

त्या रेघेवरून विमान येत नाही, हे तिला ठाऊक होतं. कोलकाता, नागपूर, पुढं गाडी... उद्याची सकाळ उजाडणार होती.

पण आनंदाबाईंची नजर दारावरून हलेना.

"आई, दम धरा. दोन तास वीस मिनिटांत येऊन राहिले ते."

तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

धुरपताबाई जेवायला घरी गेली.

अडीच वाजले... आणि गावातल्या राईस मिलची घरघर थांबली.

कुत्री गप्प झाली.

दारात मंगेश उभा होता.

गाडीचा आवाज नाही. हातात बॅग नाही. चपला वाजल्या नाहीत...

रीनाला रडूच फुटलं. कसे आले, फोन काहून नाही केला, काही म्हणजे काही विचारलं नाही. वाटी-चमचा त्याच्या हाती दिला. कडेवरची रुचिता एरवी बापाचा फोटो पाहूनही झेपावायची. तिनं आईच्या मानेत तोंड खुपसलं.

तो खाटेशी बसला. चमचा पुढं केला.

आनंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं... आणि तोंड आणखीच घट्ट मिटलं.

मान हलवली. नाही.

पुन्हा. नाही.

रीनाचं मनगट धरलं, वळ उठेपर्यंत.

"आई, तुमचाच मंगेश हाय. प्या ना."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. डोळे भरून आले. मग तोंड उघडलं.

एकच चमचा. मान कलंडली.

रीनानं वर पाहिलं तर खाटेशी कोणीच नव्हतं. वाटी जमिनीवर, सरळ ठेवलेली.

तेवढ्यात फोन वाजला... मंगेश.

तो अजून दिमापुरातच होता. धुक्यानं विमान अडकलं होतं, आता कुठं विमानात सोडत होते.

"आई हाय ना?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो पोचल्यावरच आनंदाबाईंना उचललं. स्मशानातून परतल्यावर त्यानं हळूच विचारलं, "आईले पाणी कोणं पाजलं?"

"मी," रीना म्हणाली.

ते अगदीच खोटं नव्हतं; प्यायला लावलं तिनंच.

आई नको नको म्हणत होत्या, हे मात्र ती त्याला आजवर सांगू शकलेली नाही.